धातुशोधक यंत्राची तबकडी मोठी घ्यावी की लहान?

नवी दिल्ली : मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगड परिसरातील शेतांमध्ये मार्च २०२५ मध्ये रात्रीच्या अंधारात विजेऱ्यांचे झोत फिरू लागले होते. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता आणि मोगलांनी या भागात सोने पुरून ठेवले आहे, अशी वदंता गावोगाव पसरली होती. बुऱ्हाणपूर ही दक्षिणेच्या वाटेवरील मोगलांची श्रीमंत पेठ. छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १६८१ मध्ये, मराठ्यांनी तिच्यावर छापा घातला होता. वदंतेला इतिहासाचा एवढा आधार पुरेसा ठरला. कुदळी, चाळण्या आणि घमेली घेऊन लोक शेतांत उतरले. त्यांच्यापैकी काहींच्या हातांत धातुशोधक यंत्रेही होती. चित्रफिती देशभर पोहोचल्यावर प्रशासनाने खोदकाम थांबवले.

तेथे खरोखर काही पुरलेले होते का, हा इतिहासकारांचा प्रश्न. मात्र त्या यंत्रांना त्या जमिनीत काय सापडू शकले असते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी यंत्राच्या दांड्याच्या टोकाला बसवलेल्या गोल किंवा लंबगोल तबकडीत दडलेले असते. या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. तिलाच कॉइल म्हणतात. यंत्र विकत घेणारा बहुतेक वेळा पेटीवरील पडदा, बटणे आणि आवाज पाहून निर्णय घेतो. तबकडीचा विचार झालाच, तर जितकी मोठी तितकी चांगली, या एका समजुतीवर होतो. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. तबकडीतील तारेतून बदलता विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातूची वस्तू आली, तर त्या वस्तूत लहान-लहान भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र परत तबकडीकडे येते. तबकडीतील दुसरे वेटोळे ते टिपते व यंत्र आवाज करते. म्हणजे संकेताला दोन प्रवास करावे लागतात, खाली जाण्याचा आणि वर येण्याचा. पुढील सर्व गणित या दुहेरी प्रवासावर उभे आहे.

तबकडीच्या आकाराहून बरेच अधिक अंतर गेल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठपट कमी. परतीच्या प्रवासातही तेवढीच घट होते. त्यामुळे वस्तू दुप्पट खोल गेली की हाती येणारा संकेत आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ पट दुबळा होतो. यंत्राची संवेदनशीलता दुप्पट केली, बॅटरी दुप्पट ताकदीची लावली, तरी खोलीत पडणारा फरक थोडक्या सेंटिमीटरांचा असतो, तो या कारणाने.

आता तबकडीचा आकार पाहू. १५ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन तबकड्या घेतल्या, दोहोंत तारेचे वेढे सारखे आणि प्रवाहही सारखा ठेवला, तर काय होते? जमिनीखाली ५ सेंटिमीटरवर असलेल्या लहानशा वस्तूचा संकेत लहान तबकडीला जवळपास १.८ पट अधिक मिळतो. तीच वस्तू २५ सेंटिमीटरवर गेली की चित्र उलटते आणि मोठ्या तबकडीचा संकेत सुमारे आठपट होतो. कारण मोठी तबकडी आपले चुंबकीय क्षेत्र रुंद पसरवते. ते अधिक खोलवर टिकते, पण पृष्ठभागाजवळ विरळ असते. लहान तबकडी तेच क्षेत्र थोड्या जागेत एकवटते. झाडाला पाणी घालण्याची झारी आणि पाण्याची नळी यांत जो फरक, तोच येथे आहे. एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असे म्हणता येत नाही. हा हिशेब अर्थातच आदर्श परिस्थितीतला, माती आणि आजूबाजूचा विद्युत गोंगाट बाजूला ठेवून केलेला आहे. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी बाजूला राहत नाहीत.

गणित एकदा हाती आले की जाहिरातींचे दावेही तपासता येतात. सोने शोधणारी म्हणून विकली जाणारी कित्येक यंत्रे दहा-दहा मीटर खोलीवरील नाणे दाखवण्याची हमी देतात. २८ सेंटिमीटरच्या तबकडीला ३० सेंटिमीटर खोलीवरील नाण्याचा जो संकेत मिळतो, त्याच्या तुलनेत दहा मीटरवरील त्याच नाण्याचा संकेत सुमारे ७६ कोटी पट दुबळा असेल. असा संकेत टिपणारे हातातले यंत्र अस्तित्वात नाही. एक मीटर किंवा त्याहून रुंद चौकटीची कॉइल वापरून काही मीटर खोलीवरचे मोठे भांडे, लोखंडी पिंप किंवा न फुटलेला बॉम्ब शोधता येतो, हे खरे. परंतु त्या चौकटीला एकटे नाणे जवळ असले तरी दिसत नाही. दूरवरून वस्तूची दिशा दाखवणाऱ्या, अँटेनासारखी कांडी असलेल्या उपकरणांची गोष्ट तर याहून निराळी. तशाच बनावटीचे, स्फोटके शोधण्याचा दावा करणारे ‘एडीई ६५१’ हे उपकरण इराकसह अनेक देशांना विकणारा ब्रिटिश व्यावसायिक जेम्स मॅकॉर्मिक याला फसवणुकीच्या गुन्ह्यात २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या उपकरणात काहीही शोधण्याची क्षमता नव्हती. बगदादच्या तपासणी नाक्यांवर मात्र लोकांचे प्राण त्याच्या भरवशावर ठेवले गेले होते.

खोलीच्या आकर्षणात आणखी एक गोष्ट विसरली जाते. शेतातील जुन्या वस्तू बहुधा फार खोल नसतातच. नांगरट वर्षानुवर्षे वरचा वीस-तीस सेंटिमीटरचा थर खालीवर करीत राहते आणि त्यात अडकलेली वस्तूही त्याच थरात फिरत राहते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरमधील एका शेतात जुलै २००९ मध्ये सातव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला. सोन्याचे वजन जवळपास चार किलो होते. हजारो तुकड्यांचा हा साठा नांगरटीच्या थरातच विखुरलेला होता. त्यासाठी राक्षसी तबकडीची गरज पडली नव्हती.

खरी अडचण उथळ थरातच आहे, कारण माणसांचा वावर असलेल्या कोणत्याही जमिनीत खिळे, तारांचे तुकडे, बाटल्यांची बुचे, तंबाखूच्या पुड्यांची चकचकीत वेष्टने, नालांचे अवशेष यांची रेलचेल असते. तबकडी तिच्याखालच्या सर्व वस्तूंचा एकत्रित संकेत देते. ३८ सेंटिमीटरच्या तबकडीखाली एक मोहोर आणि तीन खिळे एकाच वेळी आले, तर यंत्राला चौघांची सरमिसळ ऐकू येते आणि लोखंड वगळण्याची सोय सुरू असेल, तर खिळ्यांबरोबर मोहोरही गप्प होते. पंधरा सेंटिमीटरची तबकडी खिळ्याखिळ्यांच्या मधून वाट काढते. खोली कमी मिळते, पण जे आहे ते वेगळे ऐकू येते.

या अडचणीचा इतिहास यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईने कॉइलचे एक उपकरण तयार केले. उपकरण चालत होते. पण अध्यक्षांच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी संकेत गढूळ केला आणि डॉक्टरांनी शोधही शरीराच्या उजव्या बाजूपुरताच मर्यादित ठेवला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले. नको असलेला धातू जवळ असणे हे वस्तू खोल असण्याइतकेच मोठे संकट असते, याचा हा पहिला नोंदलेला पुरावा म्हणता येईल.

आता असीरगडच्या मातीकडे येऊ. हा सर्व विषय आपल्याकडे परदेशी पुस्तिकांच्या आधारे समजावला जातो आणि त्या पुस्तिका इंग्लंड किंवा अमेरिकेतील जमीन गृहीत धरून लिहिलेल्या असतात. सातपुड्याचा हा भाग, खानदेश, मराठवाडा, विदर्भाचा मोठा पट्टा आणि पश्चिम महाराष्ट्राचे पठार दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेल्या या खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात आणि त्याच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत ती उतरतात. साधा लोहचुंबक दोऱ्याला बांधून नदीकाठच्या काळ्या रेतीतून फिरवला तरी त्याला मिशा फुटतात. कोकण आणि गोव्यातील जांभा निराळ्या प्रक्रियेतून बनतो, पण लोहाच्या ऑक्साइडांनी तोही भरलेला असतो.

धातुशोधक यंत्राच्या दृष्टीने अशी जमीन म्हणजे सतत बोलणारा शेजारी. जमिनीतील खनिजे स्वतःच संकेत देतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कणांचा प्रतिसाद थोडा विलंबाने येत असल्यामुळे तो धातूच्या प्रतिसादासारखा भासतो. तबकडी जेवढी मोठी, तेवढी अधिक माती तिच्या क्षेत्रात येते आणि हा गोंगाट वाढतो. नाण्याचा उथळ संकेत मात्र तबकडी मोठी झाल्याने घटतो. परिणामी यंत्र वारंवार खोटे आवाज देते, वापरणारा संवेदनशीलता कमी करतो आणि मोठ्या तबकडीने दिलेली अधिकची खोली तेथेच परत जाते. यंत्राला जमिनीशी जुळवून घेण्याची, म्हणजे मातीचा संकेत वजा करण्याची सोय बहुतेक चांगल्या यंत्रांत असते, पण काही हातांवर माती बदलली की जुळवणीही पुन्हा करावी लागते. गंगेच्या मैदानातील गाळाची जमीन साधारणपणे याहून शांत असते. म्हणून उत्तर प्रदेशातील शेतात समाधानकारक चाललेली मोठी तबकडी बुऱ्हाणपुरात किंवा जळगावात निराश करू शकते. यंत्र बिघडले, असे मालकाला वाटते. ते बिघडलेले नसते.

समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक अडसर येतो. खारे पाणी वीजवाहक असते. ओल्या वाळूत मोठी तबकडी त्या पाण्यालाच प्रतिसाद देऊ लागते. किनाऱ्यावर हरवलेली अंगठी शोधणारे त्यामुळे मध्यम तबकडी आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारी स्पंद-पद्धतीची किंवा अनेक वारंवारितांवर चालणारी यंत्रे पसंत करतात.

आकाराबरोबर वेटोळ्यांची रचनाही पाहावी लागते. जुन्या पद्धतीत एका वर्तुळात दुसरे वर्तुळ असते. तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते, त्यामुळे वस्तूची नेमकी जागा चांगली कळते, पण खनिजयुक्त जमिनीत ती लवकर गोंधळते. ‘डबल डी’ रचनेत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मध्यभागी एकमेकांवर येतात आणि क्षेत्र पात्यासारखे उभे, अरुंद राहते. दख्खनच्या जमिनीसाठी हीच रचना अधिक योग्य. प्रत्येक फेरीत पात्याची पूर्ण लांबी कामी येत असल्याने जमीनही कमी फेऱ्यांत पालथी घालता येते. वजनाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पंधरा इंची तबकडी दांड्याच्या टोकाला लावून दोन तास फिरवणाऱ्याचा खांदा तो विसरू देत नाही. थकलेला हात तबकडी जमिनीपासून उचलू लागतो आणि तबकडीने मिळवलेले पाच सेंटिमीटर हातच गमावून बसतो.

मोठ्या तबकडीचा पक्ष मांडायचा, तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. व्हिक्टोरिया राज्यातील किंगोअर येथे सप्टेंबर १९८० मध्ये केव्हिन हिलियर यांना धातुशोधक यंत्राने २७ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा सापडला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो ओळखला जातो. पृष्ठभागापासून तो केवळ फूटभर खाली होता. एवढी मोठी वस्तू कोणत्याही तबकडीला चुकली नसती. पण त्याच जमिनीत अर्ध्या मीटरवर मुठीएवढा गोळा शोधायचा असेल, तर तेथील शोधक अठरा इंची किंवा त्याहून मोठ्या तबकड्या वापरतात. ओढ्याच्या तळाशी खडकाच्या भेगांत तांदळाच्या दाण्याएवढे सोने शोधताना तेच लोक पाच-सहा इंची तबकडी लावतात. कोणत्या आकाराची वस्तू शोधायची आहे, हे ठरल्यावरच तबकडीचा आकार ठरतो.

जेथे चूक जिवावर बेतते, तेथेही हाच नियम लागू होतो. युद्धोत्तर प्रदेशांतील भूसुरुंग काढणाऱ्या पथकांना अशा सुरुंगांना तोंड द्यावे लागते, ज्यांचे कवच प्लॅस्टिकचे असते आणि काहींत एक ग्रॅमपेक्षाही कमी धातू असतो. ते उथळ पुरलेले असतात. म्हणून पथकातील माणूस माफक आकाराची तबकडी अगदी सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चढवत फिरवतो आणि प्रत्येक आवाजावर थांबतो. जुन्या विमानबॉम्बचा शोध घेताना मात्र मोठ्या चौकटी वापरल्या जातात. दोन्ही कामे एकाच तबकडीने उरकण्याचा मोह तेथे कोणी धरत नाही.

मग सामान्य ग्राहकाने काय घ्यावे? बाजारात तबकड्यांची मापे इंचांत सांगितली जातात. पाच-सहा इंची तबकडी कचरा अधिक असलेल्या जागी, जुन्या वाड्याच्या परसात, भिंतीजवळ, कुंपणालगत उपयोगी. तेरा ते पंधरा इंची तबकडी मोकळ्या, स्वच्छ, शांत मातीच्या शेतात, तीही मोठ्या किंवा खोल वस्तूंसाठी. एकच घ्यायची असेल, तर नऊ ते अकरा इंचांची ‘डबल डी’ तबकडी हा शहाणपणाचा सौदा. बहुतेक कंपन्या यंत्रासोबत साधारण याच मापाची तबकडी देतात, त्याला कारण आहे. अनुकूल मातीत तिच्या व्यासाइतक्या खोलीवरचे नाणे सापडावे, अशी ढोबळ अपेक्षा ठेवता येते. काळ्या मातीत ती बरीच कमी ठेवावी. एखादे यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्याच मातीत एक पाच रुपयांचे नाणे दहा आणि एक वीस सेंटिमीटरवर पुरून पाहण्याची मुभा विक्रेत्याकडे मागावी. हवेत नाणे धरून दाखवलेले प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नये. हवेत खनिजे नसतात. आपल्याकडे अशा यंत्रांची प्रामाणिक कामे पुष्कळ आहेत. डांबराखाली गाडली गेलेली नळांची झाकणे, शेतात पडलेला अवजाराचा भाग, लाकूड कापण्यापूर्वी ओंडक्यात रुतलेले खिळे शोधण्यासाठी ती रोज वापरता येतात.

खजिन्याचे म्हणाल, तर इंग्लंडमधील हौशी शोधकांच्या यशामागे तबकडीइतकाच तेथील कायदा उभा आहे. सफोक परगण्यातील हॉक्सन येथे नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीची नाणी लागली. थोडी काढताच त्यांनी खोदणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. त्यामुळे सुमारे पंधरा हजार नाण्यांबरोबरच ज्या लाकडी पेटीत ती ठेवली होती तिचे अवशेष आणि आतील मांडणीही नोंदता आली. लॉज यांना मिळालेली साडेसतरा लाख पौंडांची बक्षिसी त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश संग्रहालयाच्या ताब्यात आहे. तेथे १९९६च्या कायद्यानुसार खजिना सापडल्याची नोंद सक्तीची आहे आणि अलीकडच्या वर्षांत अशा नोंदी दरसाल हजाराच्या वर जातात.

भारतातील १८७८चा गुप्तधनविषयक कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा आता हास्यास्पद वाटते, पण तिचा अर्थ सरळ आहे : एकही मोहोर तिच्यातून सुटत नाही. माहिती दडवणाऱ्याचा त्या धनावरील हक्क जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. उलट, कळवणाऱ्याला हक्क मिळतो. मूळ मालक न सापडल्यास आणि वेगळा करार नसल्यास या कायद्यात तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला अशी विभागणी आहे. सरकारने ते धन स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदकाम करण्यास १९५८च्या प्राचीन स्मारके कायद्याने मनाई आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी व वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतात आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.